बावनकशी मामा

नेऱ्यात कुणाचं लग्न ठरलं, घराची वाटणी निघाली किंवा लॉकरमधला डबा घरी आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर मामा हजर असतात. बोलावणं गेलेलं असतंच असं नाही. पनवेलहून माथेरानच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता गावातून जातो आणि बातमी त्याच रस्त्याने येते, एसटीच्या आधी. हे मामा कुणाचे सख्खे मामा नव्हेत, सोनार तर नव्हेतच. जन्म कारकुनीत गेला. तरुणपणी झवेरी बाजारात एका पेढीवर काही महिने वह्या लिहिल्या, त्या भांडवलावर उरलेल्या आयुष्याचा पारखीपणा चालू आहे. असे मामा पनवेल तालुक्यात गावागणिक एक तरी निघतात. काही ठिकाणी ती आत्या असते.

मामांची हत्यारं चार. सदऱ्याच्या खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग, रुमालात कसोटीचा काळा दगड, नातवाने ऑनलाइन मागवून दिलेला इवलासा वजनकाटा आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लोहचुंबक. चुंबक आधी निघतो. दागिना चिकटला नाही की मामा समाधानाने मान डोलावतात. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण पितळ, तांबं, चांदी यांतलंही काही चिकटत नाही. म्हणजे एवढंच सिद्ध झालं की पाटल्या लोखंडाच्या नाहीत. तरी घरातल्या बायकांचा जीव भांड्यात पडतो आणि चहा येतो.

मामांचं सगळं शास्त्र एका श्रद्धेवर उभं आहे: जितकं जुनं, तितकं चोख. “आजीचा सोना हाय बाय, बावनकशी! आताच्यात काय दम हाय?” हे वाक्य ऐकायलाच तर त्यांना बसवून घेतलेलं असतं.

वस्तुस्थिती मात्र मामांच्या बाजूने फारशी नाही. जुने सोनार सांधे झाळायला तांबं-चांदी मिसळलेलं हलक्या कसाचं सोनं वापरत. ठुशी, चपलाहार, पुतळ्यांची माळ, सगळीकडे सांधेच सांधे. पत्रा बावीस कॅरटचा असला तरी दागिना आटवला की कस खाली येतो, आणि सराफ ‘घट’ म्हणून जे कापतो त्यात ही झाळही असते. पुढे कॅडमियमची झाळ आली आणि केडीएम म्हणून मिरवली. तिने कस राखला, पण तिचा धूर कारागिरांच्या छातीत जायचा, म्हणून तीही मागे पडली.

त्यात १९६३ साल. चीनच्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरटहून चोख नवा दागिना घडवायला बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, बाकी भेसळ. ही अट १९६६ मध्ये उठली. नियंत्रणाचा कायदा मात्र १९९०पर्यंत राहिला. म्हणून ‘सासूबाईंचं लग्न त्रेसष्टचं’ असं कुणी अभिमानाने सांगितलं की खरा पारखी जरा थबकतो. मामा थबकत नाहीत. त्यांच्या मते कायदा दिल्लीत झाला आणि सोनं पनवेलात घडलं. यातही तथ्य आहे, कारण चोरून बावीस कॅरट घडवणारे सोनार त्या वर्षांत ठिकठिकाणी होते. फक्त कुठल्या पाटल्या चोरीच्या आणि कुठल्या कायद्याच्या, हे पाटल्यांवर लिहिलेलं नाही. बीआयएसचा हॉलमार्क सोन्यावर आला तो २००० साली, सक्तीचा झाला जून २०२१ पासून. आजीचा दागिना त्या आधीचा, त्याला ना शिक्का ना सहा अक्षरी एचयूआयडी. त्याचा जन्मदाखला म्हणजे मामांचं तोंड.

एका वाटणीत मामांचा कस लागला. आजीने थोरल्या सुनेला सांगून ठेवलं होतं, डब्यात बारा तोळे आहेत. काट्यावर एकशे चाळीस ग्रॅम भरले. आजचा सराफी तोळा दहा ग्रॅमचा, म्हणजे चौदा तोळे. हे दोन कुठून आले? थोरलीने आकडा मुद्दाम कमी सांगितला, असं धाकटीच्या मनात आलं आणि ते चेहऱ्यावरही आलं. मामांनी भिंग खाली ठेवलं आणि निकाल दिला: “देवघरात ठेवलेला सोना वारतो.”

आजीचा तोळा जुना होता. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, वजन ११.६६ ग्रॅम. बारा गुणिले तेवढे केले की एकशे चाळीस होतात, ना गुंज कमी ना गुंज जास्त. पेढीवर वह्या लिहिलेल्या मामांना हे ठाऊक नसेल असं नाही. पण गुंजांचा हिशेब सांगितला असता तर थोरली खरी ठरली असती आणि धाकटी खोटी. वाढलेलं सोनं देवाचं ठरलं, ते दोघींत सारखं वाटलं गेलं, आणि दोघींनी मामांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

गोठांच्या वेळी मात्र देवही मदतीला आला नाही. वजनदार, देखणा, तीस ग्रॅमचा एक गोठ. मामांनी तो कसोटीवर घासला, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला. रेघ पिवळीधमक तशीच राहिली. “एक नंबर!” तेवढ्यात सायन्सला असलेल्या नातीने गोठाला दोरा बांधला आणि काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात तो तळाला न टेकवता बुडवला. काटा साडेतीन ग्रॅमने वर गेला. तीस भागिले साडेतीन, घनता साडेआठच्या आसपास. बावीस कॅरटची घनता साडेसतराच्या पुढे हवी, म्हणजे काटा पावणेदोन ग्रॅमच्या वर जायला नको होता. आणि साडेआठ ही घनता कुणाची? पितळेची! नातीने मोबाइलवर शोधून ते मोठ्याने वाचलं. आजेसासूच्या तसबिरीकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं.

कसोटी सोनं म्हणत होती, पाणी पितळ म्हणत होतं, आणि दोन्ही खरं बोलत होती. गोठ पोकळ होता. वर सोन्याचा पत्रा, आत लाख. लाख पाण्याइतकीच हलकी, पण जागा अडवते. आतली लाख दोनएक ग्रॅमच, बाकी सगळं सोनं. लाखेमुळे पत्रा चेपत नाही आणि थोड्या सोन्यात मनगट भरलेलं दिसतं. त्यात फसवणूक काही नव्हती. पण २०२५च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाची वेस ओलांडली, तेव्हापासून दोन ग्रॅम लाखेचीही किंमत घरोघर हिशेबात येते. मामांनी टोकाशी सुईने लाखेचा कण उकरून दाखवला आणि म्हणाले, “म्या बोल्लोच व्हतो, भरीव काम हाय.”

नथीचा विधी वेगळा. मामा मोती समोरच्या दातांवर हलकेच घासतात, डोळे मिटतात आणि ‘बसरा!’ म्हणतात. दाताला खरखर लागली की मोती काचेचा किंवा प्लास्टिकचा नाही, इथवर चाचणी पक्की आहे. पण खरखर संवर्धित मोत्यालाही लागते. जपानच्या मिकिमोतोने १८९३ मध्ये शिंपल्यात मोती पिकवून दाखवला, १९२०-३०च्या दशकांत तो माल जगभर गेला आणि इराणच्या आखातातला मोत्यांचा धंदा बसला. तेव्हा पणजीची नथ असली तरी मोती बसऱ्याचाच असेल असं नाही. ते एक्स-रेवर कळतं, आणि मामांच्या दातांना एक्स-रेची सोय नाही.

कुड्यांतल्या माणकांचंही तसंच. भट्टीत माणिक तयार करण्याची रीत फ्रान्सच्या व्हेर्नॉयने १९०२ साली जगजाहीर केली. आजीच्या तरुणपणी असं माणिक बाजारात मुबलक होतं. भिंगाखाली त्यात वक्र रेघा आणि बारीक बुडबुडे दिसतात. मामांना बुडबुडे दिसतात, पण ते त्यांना ‘पाणी’ म्हणतात आणि भाव वाढवतात.

एकदाच मामांनी खरोखर षटकार मारला. माळेत ओवलेल्या एका गिनीवर भिंग धरून ते बराच वेळ गप्प राहिले, हीच मुळात बातमी होती. मागच्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज, खाली १९१८ साल आणि सालाच्या वर, जमिनीच्या पट्टीवर, अगदी बारीक इंग्रजी ‘आय’. पहिल्या महायुद्धात लंडनहून सोन्याची नाणी आणणं अवघड झालं, तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत त्या एकाच वर्षी हे सॉव्हरिन पाडले गेले. ‘आय’ म्हणजे इंडिया. वजन ७.९८८ ग्रॅम, बावीस कॅरट. संग्राहक अशा नाण्याला सोन्याच्या भावाहून जास्त मोजतो, पण ते कोरं असलं तर. या गिनीला माळेसाठी कडी डकवलेली होती. मामांनी कडी डकवणाऱ्या अज्ञात सोनाराला अर्धा तास शिव्या दिल्या आणि कडी काढू नका, म्हणून बजावलं, कारण काढली तरी डाग राहणारच.

कायद्याच्या बाबतीत मामांचा धाक मोठा आहे. “पाचशे ग्रामच्या वर ठेवला तं सरकार नेतं,” असं ते कुजबुजतात. मूळ गोष्ट १९९४च्या एका प्राप्तिकर सूचनेची: झडतीत विवाहित स्त्रीकडचे पाचशे, अविवाहितेचे अडीचशे आणि पुरुषाचे शंभर ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. ठेवण्यावर मर्यादा नाही. सोनं कुठून आलं ते दाखवता आलं पाहिजे. उपयोगाची तारीख वेगळीच आहे. वारशाने आलेला जुना दागिना विकताना १ एप्रिल २००१चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो, आणि तेव्हा दहा ग्रॅमचा भाव चार हजारांच्या घरात होता. नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा कागद त्यासाठीच लागतो. मामांना कागद आवडत नाही. कागदावर ‘बावनकशी’ असा रकाना नसतो.

हल्ली सुना डबा घेऊन थेट बीआयएसच्या मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात जातात. मामा सोबत जातात, न सांगता. परवा मशीनने एका पाटलीला चौऱ्याऐंशी टक्के दिले. मामा पुढे सरसावले, पाटली फिरवून ठेवायला लावली. आता एक्याण्णव आले, कारण आधीचा किरण नेमका सांध्यावर पडला होता आणि हे यंत्र पाहतं ते वरच्या थरापुरतंच. नेमका कस हवा तर तुकडा कापून भट्टीत घालावा लागतो, असं काउंटरवरची मुलगी सांगू लागली, पण रांगेतल्या बायका तोवर मामांकडे वळल्या होत्या. एकीने बुगडी पुढे केली, दुसरीने डोरलं. काउंटरवरून आवाज आला, “आजोबा, इथे कुणाला भाव सांगू नका.”

“भाव नाय सांगत,” मामा भिंग पुसत म्हणाले, “म्या फक्त सांगतो कोनची सासू चांगली व्हती.”