कुत्रा मुलांचा, पट्टा कुणाच्या हातात?

वहिनी, कपडे वाळत घालून झाले की जरा भिंतीपाशी या हो. तुमचा धाकटा मघाशी गेटावर चढून मला सांगून गेला, "काकू, आमच्याकडे हस्की येणारे!" मी म्हटलं, कुठे, इथे कामतघरात? तर म्हणतो, "हो, निळ्या डोळ्यांचा." खरं आहे का हे? म्हणजे माझं काही जात नाही. पण माझ्या नणंदेकडे डोंबिवलीला जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून तोंड उघडते.

तिने लेकीच्या दहावीचं बक्षीस म्हणून आणला होता हस्की. दिसायला राजबिंडा, नाही म्हणणार नाही. पण ते सैबेरियातलं बर्फावर गाड्या ओढणारं जनावर. अंगावर लोकरीचे दोन थर. एप्रिल उजाडला आणि त्याने बाथरूमच्या फरशीवर जी बैठक मारली ती उठेना. मग दिवसभर एसी. बिल आलं की भाऊजींचा चेहरा बघवत नसे. वर्षातून दोनदा सगळी लोकर झडते म्हणे. भातात केस, वरणात केस. त्यातून तो धावायला जन्मलेला आणि यांचा सातव्या मजल्यावरचा टू बीएचके. सोफ्याचं काय केलं ते विचारू नका. लेक अकरावीच्या क्लासला, भाऊजी लोकलला, म्हणजे राहिली कोण? नणंद आणि हस्की. शेवटी लोणावळ्याच्या ओळखीच्या माणसाला दिला. लेक आठवडाभर जेवली नाही.

आपल्याकडे कुत्र्याची जात सिनेमा ठरवतो हो. 1994 ला 'हम आपके हैं कौन' आला, त्यातला तो टफी आठवतो ना? त्यानंतर ज्याच्या त्याच्या दारात पांढरा पामेरियन. माझा पुतण्या म्हणतो, त्यातले बहुतेक पामेरियन नव्हतेच, आपला इंडियन स्पिट्झ होता तो. हा पुतण्या परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकला, 1886 सालचं कॉलेज आहे ते, तेव्हा त्याचं खरं धरायला हरकत नाही. मग फोनच्या जाहिरातीत त्या मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला, की सगळ्यांना पग हवा. चपट्या नाकाचं जनावर, त्याला श्वासच पुरत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याचं नाकच दाबलेलं, तो आपल्या मे महिन्यात काय करणार? साडीची फॅशन गेली तर साडी कपाटात जाते, कुत्र्याने कुठे जायचं?

लॅब्रेडॉर? हो, तो चांगला. मुलांत रमतो, रागीट नाही. तिकडे न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर जाळी ओढणाऱ्या कुत्र्यांच्या वंशातला, त्यामुळे पाणी दिसलं की झालंच. तुम्ही त्याला वऱ्हाळा तलावावर न्याल आणि तो तुम्हालाच आत नेईल. पण वहिनी, तो तीस किलोचा होतो आणि दोन वर्षांचा होईपर्यंत पिल्लासारखाच वागतो. तुमचा धाकटा चार वर्षांचा. लॅब्रेडॉरने प्रेमाने नुसती शेपटी मारली तरी पोर आडवं होईल. शिवाय त्याला रोज तासभर तरी हालचाल लागते, नाहीतर नुसता फुगतो आणि कमरेची हाडं दुखायला लागतात. आपल्या गल्लीत तासभर फिरवणार कुठे? सकाळी साडेसहापासून टेंपो सुरू. मोठ्या रस्त्यावर अंजूर फाट्याकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग. गल्लीगल्लीत त्या त्या गल्लीची कुत्री बसलेली, परक्या कुत्र्याला हद्द ओलांडू देत नाहीत.

आमच्या यांना म्हणाल तर वेगळंच खूळ. सांगलीकडचे ना ते, त्यांना कारवानी हवा होता. धनगरांच्या मागे, जत्रेत वगैरे बघितलेला असतो, लांब पाय, पोट खपाटीला गेलेलं. पलीकडे मुधोळला त्यालाच मुधोळ हाऊंड म्हणतात; 2005 साली त्याचं पोस्टाचं तिकीटही निघालं. आहेच देखणा. पण तो ससा दिसला की सुटतो. इथे ससे नाहीत, पण मांजरं आहेत, आणि गोदामांच्या भिंती आहेत. माळरानावरच्या जनावराला दोन खोल्यांत कोंडून कुणाचं भलं होणार?

आणि ते रॉटवायलर, पिटबुल तर नावच काढू नका. सरकारने मार्च 2024 मध्ये तेवीस जातींवर बंदीचं पत्रक काढलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटकच्या हायकोर्टाने ते रद्द केलं, तो भाग वेगळा. कायदा काय म्हणायचं ते म्हणो, ज्या घरात चार वर्षांचं पोर आहे तिथे एवढ्या ताकदीचं जनावर कशाला?

आता खरं सांगू? तुम्ही जात शोधताय, ते नंतरचं. आधी तुमचा दिवस बघा. कुत्रा येतो मुलांचा हट्ट म्हणून, आणि तीन महिन्यांत होतो आईचा. मुलं म्हणतात, "आम्ही सगळं करू." देवाशप्पथ म्हणतात. तोवर म्हणतात जोवर नवं आहे. मोठ्याची सातची शाळा, संध्याकाळी ट्यूशन. तुमचे हे कारखान्यावर, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. म्हणजे पहाटे पट्टा धरून बाहेर पडणार तुम्ही, पावसात ओल्या कुत्र्याला पुसणार तुम्ही, पाणी येण्याच्या वेळेला कळशा भरू की कुत्र्याला बाहेर नेऊ, हा घोरही तुम्हालाच. आणि हे काही दोन-चार वर्षांचं नाही. बारा-तेरा वर्षं धरा. धाकटा तेव्हा कॉलेजात असेल आणि म्हाताऱ्या कुत्र्याला उचलून रिक्षात घालणाऱ्या तुम्ही असाल. तेव्हा तुमच्या कमरेला आणि तुमच्या घड्याळाला झेपेल तो कुत्रा. मुलांना आवडेल तो नाही. मुलांना काय, कुठलाही आवडतो.

पिल्लूच हवं असं का वाटतं हो सगळ्यांना? पुतण्या तर म्हणतो, लहान पोराच्या घरात पिल्लू म्हणजे दोन पोरं. पिल्लाचे दात सुईसारखे, ते सगळं तोंडात धरणार, पोर किंचाळणार, पिल्लाला वाटणार खेळ चाललाय. त्यापेक्षा दोन-तीन वर्षांचा वाढलेला कुत्रा बघा. त्याचा स्वभाव काय तो एव्हाना दिसून चुकलेला असतो. पिल्लाचं कोणी सांगावं? आज गरीब दिसतं, पुढे काय निघेल देव जाणे. आणि घ्यायचंच पिल्लू तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. 2017 च्या नियमांनुसार त्याआधी ते विकताच येत नाही, तरी महिन्याचं पिल्लू खोक्यात घालून आणून देणारे आहेतच. आईजवळ आणि भावंडांत राहून ते चावणं आवरायला शिकतं. आईपासून लवकर तोडलेलं पोरांना जास्त चावतं. जमलं तर त्याची आईही बघून घ्या. आई अंगावर येत असेल तर तिथून निघा.

लसींबाबत मात्र टाळाटाळ नको. दीड-दोन महिन्यांपासून पार्वो-डिस्टेंपरची, मग तीन महिन्यांना रेबीजची, पुढे दरवर्षी. जंतांचं औषध वेळेवर, कारण पिल्लाच्या पोटातले जंत मातीत खेळणाऱ्या पोरांच्या पोटात जाऊ शकतात. गोचीड रोज कानात, बोटांच्या बेचक्यात बघायची. आणि धाकट्याला सांगून ठेवा, त्याचं चॉकलेट त्याने एकट्याने खायचं. कुत्र्याला चॉकलेट विषासारखं, द्राक्षं-बेदाणेही. कांदासुद्धा चालत नाही.

हो, सासूबाई नाही म्हणणार, ठाऊक आहे मला. देवघरात कुत्रा, सोवळं-ओवळं. त्यांना म्हणावं, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, आणि खंडोबाच्या बरोबर तर कुत्रा असतोच, मग त्याला काय उंबऱ्याबाहेर ठेवणार? पण समोरच्या खालांना आधी विचारा बरं का. त्यांच्याकडे कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाआधी कपडे धुवायला लागतात. मी बोलले त्यांच्याशी. त्या काही चिडल्या नाहीत, म्हणाल्या, "पालो ना, बस पट्टे में रखना." एवढं तर आपण करूच शकतो.

पोरांना शिकवायचं ते कुत्र्याला शिकवण्याआधी. जेवताना हात लावायचा नाही, झोपलेल्याला उठवायचं नाही, गळ्यात पडायचं नाही. आपल्याला मिठी म्हणजे माया वाटते, कुत्र्याला ती पकड वाटते. शेपटी हलते म्हणजे खूश असंही नाही, अंग ताठ करून शेपटी हलवत असेल, ओठ चाटत असेल, उगाच जांभया देत असेल, तर तो सांगतोय, "मला सोडा." मोठ्या माणसाला हे कळत नाही तर पोराला कुठून कळणार? म्हणून चार वर्षांचं पोर आणि कुत्रा, कितीही गरीब असो, दोघांना एका खोलीत एकटं ठेवून तुम्ही पोळ्या लाटायला जायचं नाही. पोराचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं, तोंडालाच लागतं त्याला.

आणि लागलंच कधी, घरच्याचं असो की रस्त्यावरच्याचं, तर हळद, चुना, मिरची काही भरू नका. माझ्या माहेरी भरायचे. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून, आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. पोटात चौदा इंजेक्शनं हा जुना जमाना झाला. आता दंडात देतात: त्याच दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. रक्त आलेली जखम असेल तर जखमेतच वेगळं इंजेक्शन असतं, तेही मागून घ्यायचं. रेबीजची लक्षणं दिसल्यावर मग जवळजवळ काहीच करता येत नाही, म्हणून उद्या बघू म्हणायचं नाही.

थांबा, गल्लीतल्या आजी हाका मारतायत. काय आजी? ... ऐकलंत का, काय म्हणाल्या? "ए पोरी, कुत्रा काय बाजारान मिलतो का? तो आपलाच येतो दारान." त्यांचं म्हणणं काही चुकीचं नाही. त्यांच्या गावठी मोत्याने कधी एसी मागितला नाही. अंगावर चिमूटभर केस, पाऊस सोसतो, ऊन सोसतो, भाकरीबरोबर अंडं दिलं की खूश. आपल्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट ऐकतच मोठा झालेला, त्याला आवाजाची भीती नाही. पिल्लू तीन आठवड्यांपासून चौदा आठवड्यांपर्यंत जे जे ऐकतं-बघतं त्याची त्याला सवय होते म्हणे. मागांच्या आवाजात न वाढलेलं जनावर आपल्या गल्लीत आलं तर पहिले आठ दिवस पलंगाखालीच राहील.

म्हणूनच मी तुम्हाला बोलावलं, ते मुद्द्याचं आता सांगते. नारपोलीकडचा एक कारखाना बंद झाला, मालकाने माग भंगारात काढले आणि जागा गोदामाला दिली. तिथे वॉचमनजवळ लाली म्हणून कुत्री आहे. तांबूस, मध्यम उंचीची, तीन-एक वर्षांची. वॉचमन गावी चाललाय. तिचं ऑपरेशन झालेलं आहे, कानाचं टोक कापलंय ना, ती त्याचीच खूण. कामगारांची पोरं तिच्या अंगावर लोळायची, तिने कधी दात लावला नाही. मी दोघातिघांना विचारून खात्री केली. मादी म्हणून नाक मुरडू नका. ऑपरेशन झालं की पिलावळीचा प्रश्नच नाही, आणि दारात कुत्र्यांचा घोळकाही जमत नाही.

रविवारी जाऊन बघा, पण दोन वेळा जा. एकदा तुम्ही दोघंच, एकदा मुलांना घेऊन. तिला बोलवायचं नाही, नुसतं बाजूला बसायचं आणि आली तर येऊ द्यायचं. धाकटा पळत अंगावर गेला तर ती काय करते ते बघा. मागे सरकली तर चालेल, गुरगुरली तर घरी परत या, लालीचीही फरफट नको.

आणि तिला घरी आणण्याआधी एक करा. तुमच्या यांनी "मी नेईन सकाळी" असं म्हटलंय ना? मग एक पट्टा विकत आणा. रिकामाच. आणि महिनाभर रोज पहाटे तो हातात घेऊन त्यांना तलावापर्यंत जाऊन यायला सांगा, पाऊस असला तरी. हसू नका, वहिनी. आमच्या यांना मी असाच दिला होता, त्या कारवानीच्या वेळेला. दोन-तीन दिवसांतच पट्टा खुंटीला. म्हणून तर आमच्याकडे मांजर आहे.