आत्याच्या लुगड्याचा रंग

हौशी फोटोग्राफरला कॅमेरा निवडताना फारसं डोकं चालवावं लागत नाही; खिशाला परवडणारा बहुधा एकच असतो. खरी परीक्षा फोटो संगणकावर उतरवल्यावर सुरू होते. ते ‘जरा नीट’ करायचे कशात? फोटोशॉप, लाइटरूम, गिंप, डार्कटेबल, रॉथेरपी... नावं वाचता वाचता पावसाळी दुपार सरते आणि आपण स्थळं पाहायला बसलेल्या घरासारखे होतो. एक देखणं, पण २०१३ पासून दर महिन्याला वर्गणी मागणारं. दुसरं, १९९६ साली दोन विद्यार्थ्यांनी जगापुढे आणलेलं गिंप, गुणी आणि फुकट नांदायला तयार; त्याचा स्वभाव कळेपर्यंत मात्र आपले केस पिकावेत.

पारखायला मी आत्याचा फोटो घेतला. सकाळच्या कोवळ्या उन्हात ती ओट्यावर बसून तांदूळ पाखडतेय, सूप अर्धवट वर गेलेलं, तोंडाचा चंबू कोंडा फुंकण्याच्या बेतात. त्याची रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल मी एकेका सॉफ्टवेअरात उघडली, आणि आत्याचं लुगडं एकात वांगी झालं, दुसऱ्यात जांभळट, तिसऱ्यात सरळ विटकरी. अजून एका बटणालाही माझा हात लागला नव्हता! यामागे तसं कपट काही नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची बारीक जाळी असते. अर्धी घरं हिरवी, उरलेल्या अर्ध्यात लाल-निळे वाटेकरी. प्रत्येक घर आपल्यापुरता एकच रंग टिपतं, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरून घ्यायचे. हा अंदाज ज्याचा त्याचा, आणि त्यावर रंगाची आवडनिवडही ज्याची त्याची. आत्याच्या आळीत कोणाच्या घरी काय चाललंय हे याच पद्धतीने ठरतं, आणि तिथेही प्रत्येकाचं लुगडं वेगळ्याच रंगाचं निघतं.

फोटोला हात लावायची हौस संगणकाबरोबर आली असं मानणाऱ्यांनी फोटोशॉपची हत्यारं जरा निरखावीत. एका चित्रात काडीला लावलेली चकती आहे, दुसऱ्यात बोटं वळवलेला हात. डार्करूममध्ये कागदावर प्रकाश पडत असताना चकती मधे धरून एखादा चेहरा उजळ ठेवायचा, मुठीच्या फटीतून जास्तीचा उजेड सोडून आकाश गडद करायचं, ते हे हात. १९९० साली बाजारात आलेलं फोटोशॉप ज्या नोल भावांनी घडवलं, त्यांच्या प्राध्यापक वडिलांनाही फोटोग्राफीचा नाद होता आणि घराच्या तळघरात डार्करूम होती. म्हणजे या साऱ्या प्रकरणाच्या मुळाशी एक हौशी माणूसच आहे. वाचून मला उगाच घरच्यासारखं वाटलं.

आमच्या तालुक्याच्या स्टुडिओत रिटचिंगवाला होता. काचेखालून येणाऱ्या उजेडावर निगेटिव्ह ठेवून, टोक सुईसारखं केलेल्या शिसपेन्सिलीने तो देवीचे व्रण बुजवी. त्या पेन्सिलीने पंचक्रोशीतली कितीतरी लग्नं जमवली असतील. आत्याचा ‘दाखवायचा’ फोटो त्याच्याच हातचा. त्यात तिचा चेहरा धुतल्या तांदळासारखा लख्ख आहे, आणि हनुवटीवरचं गोंदण नाही.

लुगड्याचा निवाडा करायला अखेर लॅपटॉप घेऊन तिच्याकडेच गेलो. चष्मा पुसून तिने सगळे नमुने पाहिले आणि एकजात नापास केले.

“डाळिंबी होतं रे ते.”

“आत्या, फोटो गेल्या महिन्यातला आहे. लुगडं विटलंय आता.”

“मग नवं होतं तेव्हाचं कर. एवढी यंत्रं घेऊन बसलायस ना?”

नव्या लुगड्याची आठवण कोणत्या सेन्सरने टिपावी? तरी लुगड्यापुरता भाग आखून रंग सरकवत गेलो. ती शेजारी बसून “अजून, अजून... आता मागं” करत राहिली. थांब म्हणाली तिथे थांबलो. मग माझा बाण चेहऱ्याकडे वळलेला पाहून तिने पटकन स्वतःच्याच हनुवटीवर हात ठेवला.

“हे राहू दे हो. माझ्या आईनं मांडीवर डोकं धरून गोंदवून घेतलंय. त्या स्टुडिओवाल्यानं मला विचारलंसुद्धा नव्हतं.”

सुरकुत्यांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. मात्र उठता उठता म्हणाली, “आणि सुपात तांदूळ जरा जास्त दिसू देत. लोक काय म्हणतील?”

तेही होतं म्हणे हल्ली, वर्गणीवाल्या सॉफ्टवेअरात चुटकीसरशी. वर्गणीचा आकडा पाहिला. तेवढ्यात तिचं सूप खऱ्या तांदळाने भरून वर थोडे उरले असते.