न आलेल्या बाईचं मत

समजा, एका गावाच्या मतदार यादीत १००० बायका आहेत. दारूचं दुकान बंद करायचं म्हणून मतदान लागलं. शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली आणि ६२० जणी आल्या. ४९० जणींनी आडव्या बाटलीवर, म्हणजे दुकान बंद करा यावर, शिक्का मारला, १३० जणींनी उभ्या, म्हणजे चालू ठेवा यावर. जिंकलं कोण? दुकान. दुसऱ्या दिवशी शटर नेहमीच्या वेळेला वर.

महाराष्ट्रात आडवी बाटली जिंकायला पडलेल्या मतांचं बहुमत पुरत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीलाच मत द्यावं लागतं. त्याआधी २५ टक्के बायकांच्या सह्या गोळा करायच्या आणि त्यांच्या पडताळणीला सामोरं जायचं, ते वेगळंच. २००८ च्या शासकीय आदेशातली ही अट आहे. तिचा सरळ अर्थ असा, की जी बाई मतदानाला आली नाही तिचं मत उभ्या बाटलीला गेलं.

न आलेली बाई कोण असते? एक वारलेली असते, नाव अजून कापलेलं नसतं. एक लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली असते. बीडकडच्या गावात मतदान हिवाळ्यात लागलं तर कितीतरी जणी कोयता घेऊन कुठल्याशा कारखान्याच्या फडात असतात. आणि एक अशी असते, जिला नवऱ्याने त्या दिवशी उंबरा ओलांडू दिलेला नसतो. दुकान बंद होण्याची सगळ्यांत जास्त गरज तिला, आणि नियमाने तिचीच गैरहजेरी दुकानदाराच्या खात्यावर जमा केली. याहून क्रूर हिशेब मला दुसरा माहीत नाही.

आमदार निवडताना आपण पडलेली मतं मोजतो. हीच मोजपट्टी त्यांना लावली, तर विधानसभेची किती बाकं भरतील?

परवानाधारकाचे वकील धंद्याच्या हक्काकडे बोट दाखवतात. तो प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. तो बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९५१ साली औषधं, प्रसाधनं अशा अल्कोहोलयुक्त वस्तूंबाबतच्या तरतुदी वगळता बराचसा टिकला. पुढे १९९४ साली खोडे डिस्टिलरीज प्रकरणात घटनापीठाने स्पष्ट सांगितलं, की दारूचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. सरकार त्यावर पूर्ण बंदी घालू शकतं. घटनेचं कलम ४७ तर सरकारला मादक पेयांवर बंदी आणण्याच्या दिशेनेच चालायला सांगतं. म्हणजे एवढा उंच उंबरठा बांधा, असं घटनेने सांगितलेलं नाही. तो सरकारने बांधला आहे आणि सरकारच तो उतरवू शकतं.

शुल्क भरून दुकान थाटणाऱ्याला काही संरक्षण नको का? हवं. लहर आली म्हणून कुणाचं दुकान बंद पडू नये. त्यासाठीच तर सह्यांची अट आहे, पडताळणी आहे, गुप्त मतदान आहे. बंदी आली की हातभट्टी वाढते, हे कारणही मला मान्य नाही. हातभट्ट्या मोडणं हे उत्पादन शुल्क खात्याचं आणि पोलिसांचं काम. ते झालं नाही, तर त्याची शिक्षा बायकांना कशासाठी?

आता उलट बाजू बघा. चंद्रपूर जिल्ह्यात बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, पायपीट केली, तेव्हा १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली. ती उठवायचा निर्णय मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने एका समितीच्या अहवालावर घेतला. तेव्हा कुठल्या गावात पेटी लागली नाही, चंद्रपूरच्या बायकांच्या २५ टक्के सह्या कुणी मागितल्या नाहीत. एक दुकान बंद करायला यादीतल्या निम्म्याहून जास्त बायका उभ्या करायच्या, आणि अख्ख्या जिल्ह्यातली दुकानं उघडायला एक बैठक.

मागणी छोटी आहे. पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त आडवी निघाली, तर दुकान बंद. मतदानाआधी यादीतून वारलेल्यांची आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं काढा. आणि तारीख धरा ती गाळप संपून ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतल्यावरची.