गालावरची गुणपत्रिका

जर्मनीतल्या काही विद्यार्थी-संघटनांत ‘मेन्झुअर’ नावाची तलवारबाजी आजही चालते. डोळ्यांवर जाळीचा चष्मा, गळ्याला जाड पट्टा. गाल आणि टाळू मात्र उघडे, कारण वार तिथेच झेलायचा! कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. डोकं मागे घेतलं, तर मात्र अब्रू गेली.

जखम डॉक्टर तिथल्या तिथे शिवतो.

गालावरचा व्रण एकेकाळी पदवीपेक्षा वजनदार असे. 1832 मध्ये गटिंगेनला कायदा शिकायला गेलेल्या बिस्मार्कने तासांना दांड्या मारल्या, वीसहून अधिक द्वंद्वं खेळली आणि विद्यापीठाच्या कोठडीतही मुक्काम ठोकला. पुढे तोच जर्मनीचा चान्सलर झाला, त्यामुळे पालकांचीही बोलती बंद.

माजी सदस्य संघटनेला पैसा पुरवतात, खोल्या स्वस्तात मिळतात, नोकरीसाठी शब्दही टाकला जातो. गाल शाबूत असलेल्यांनी रीतसर अर्ज करावेत.