अर्धवट वादपटू

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत मोबाईलवरील चर्चेच्या गटांमुळे जे नवे सामाजिक नमुने उदयास आले, त्यांत ‘अर्धवट वादपटू’ हा विशेष अभ्यासनीय आहे. अर्धवट वादपटू म्हणजे ज्याला वाद अर्धवट कळतो तो नव्हे, तर जो वाद जोमाने उकरून काढतो, ऐन रंगात आणतो आणि प्रतिपक्षाने नेमका प्रश्न विचारताच एक अक्षरही न लिहिता नाहीसा होतो, असा सद्गृहस्थ होय.

बैलगाडा शर्यतींचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 18 मे 2023 रोजी वैध ठरवला असला, तरी कोणत्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, कोणाची बारी, म्हणजे बैलगाड्याची धाव, किती सेकंदांत झाली, याचा निवाडा तो रोज नव्याने करतो. मात्र त्याची प्रतिभा खरी फुलते ती पाण्यावर. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी डिंभे आंबेगावात आणि माणिकडोहसह उरलेली चार जुन्नरात असल्यामुळे, डिंभ्याचे पाणी बोगद्याने माणिकडोहात नेण्याचा विषय निघाला की तो रात्री साडेदहाला आवर्तनावर, म्हणजे कालव्याला ठरावीक मुदतीसाठी पाणी सोडण्याच्या पाळीवर, जलसंपदा खात्याच्या थाटात लिहू लागतो आणि प्रत्येकाला ‘आधी अभ्यास करा’ असे बजावतो. अशा वेळी एखादा शांतपणे विचारतो, ‘दादा, एक टीएमसी म्हणजे नक्की किती पाणी?’ एक अब्ज घनफूट हे उत्तर त्याला ठाऊक नसते. पडद्यावर ‘टाइप करत आहे’ ही अक्षरे उमटतात, विझतात, पुन्हा उमटतात आणि अखेर काहीच येत नाही. सकाळी मात्र शिवनेरीच्या छायाचित्रासह ‘शुभ सकाळ’ न चुकता येते.

या मौनाचे एकमेव कारण अज्ञान मानणे उथळपणाचे ठरेल. शेतीपंपाची थ्रीफेज वीज पुष्कळदा रात्रपाळीने मिळत असल्याने, लाईट आली की त्याला उसाला दारे धरायला, म्हणजे पाणी द्यायला, जावे लागते आणि बिबट्याच्या भीतीने एका हातात बॅटरी व दुसऱ्या हातात काठी असताना मोबाईलसाठी तिसरा हात उरत नाही. कधी घरातून कळते की ज्याला त्याने ‘पाणीचोर’ म्हटले तो घोडेगावचा गृहस्थ थोरल्या सुनेचा सख्खा मामा आहे. मग मुद्दा कितीही बिनतोड असला, तरी सोयरीक त्याहून जड ठरते. काही वेळा तर लिहिता लिहिता त्यालाच समोरच्याचे म्हणणे पटते, परंतु पंचक्रोशीदेखत तसे कबूल करण्यापेक्षा झोप लागली असे भासवणे त्याला सोपे वाटते.

तरीही समाजाला खरा उपद्रव होतो तो रात्री दोन वाजेपर्यंत प्रत्येकाला उत्तर देणाऱ्याचा. वाद अर्ध्यावर टाकून जाणारा निदान दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात त्याच प्रतिपक्षाबरोबर चहा पिऊ शकतो, आणि दोन्ही तालुक्यांचे पाणी एकाच प्रकल्पाचे असेपर्यंत एवढा शहाणपणा पुरेसा मानावा.