पत्रा लागेपर्यंत

डोंबिवलीला रंगाची टंचाई कधीच नव्हती. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि तो पाहायला खुद्द मुख्यमंत्री आले. अशा गावात कुणी जुन्या गाडीचा रंग काढायला बसला, तर लोक त्याच्याकडे जरा काळजीनेच बघतात.

गाडी बाबांची, प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात घडली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली, पण आमच्याकडे तिला आजही फियाटच म्हणतात. प्रीमियरचा दुसरा कारखाना आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावर होता. त्यामुळे सोसायटीतल्या प्रत्येक निवृत्त गृहस्थाचा एखादा मेहुणा ‘प्रीमियरला’ होताच, आणि त्या मेहुण्याच्या जोरावर सल्ला देण्याचा हक्कही होता.

“हीट गन आण,” तळमजल्यावरचे काका म्हणाले.

“पत्रा वाकेल! रिमूव्हरच लाव,” सेक्रेटरी म्हणाले.

“आहे तो रंग काय वाईट आहे?” ही म्हणाली. एकमत झालं ते याच सूचनेवर.

मी रिमूव्हर आणला. जेलीसारखा असतो, ब्रशने जाड थापायचा आणि थांबायचं. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या पडतात, मग पत्र्याच्या पट्टीने खरवडायचं. त्यातल्या मिथिलीन क्लोराइडची वाफ वाईट, म्हणून काम उघड्यावरच करावं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये. वॉटर पेपर आणि पाणी. तोंडाला मास्क, हाताला हातमोजे. वासाबद्दल मात्र एकही तक्रार आली नाही. डोंबिवलीत कसलाही वास आला की तो कंपनीचाच, अशी जनतेची ठाम समजूत आहे.

वरचा मोतिया रंग निघाला, तर खाली ताईच्या लग्नाच्या वर्षीचा निळा. त्याखाली मरून. हा कुणी लावला यावर बाबा आणि काका यांच्यात अजून बोलणं बंद आहे. त्याच्याही खाली पांढरा. आरसी बुकात गाडीचा रंग पांढराच लिहिलाय! रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, हे आमच्या घराण्यात कुणालाच माहीत नसावं. कागदोपत्री ताईची वरात पांढऱ्या गाडीतून गेली.

पांढऱ्याखाली पत्रा लागेल असं वाटलं होतं. लागली पुट्टी. पुट्टीखाली जुनी पुट्टी. शेवटी फ्रिजवरचा गणपतीपुळ्याचा मॅग्नेट आणला. बॉनेटला घट्ट चिकटला. मागच्या दरवाज्यावर ठेवला तर बाप्पा थेट जमिनीवर. कल्याणहून डेंटर आला, बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, “साहेब, आता थांबा. पत्र्याने रंग नाही धरलेला, रंगानेच पत्रा धरलाय.”

हा विनोद नव्हता. पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. खालच्या पट्ट्या सडल्या असतील तर त्यावर कितीही पुट्टी थापा, ती फक्त दिसायला. तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करण्यावाचून इलाज नाही. आणि उघडा पत्रा तसाच ठेवायचा नाही. आपल्या दमट हवेत बघता बघता गंजाची लाली चढते. खरवडलं की त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. पावसाळ्यात तर या कामाला हातच लावू नये.

अडचण आहे ती सुट्या भागांची. पूर्वी मोडीत निघालेल्या टॅक्सींचे दरवाजे कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळत. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ मध्ये ताडदेवला नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही थांबली. आता दरवाजे यायचे कुठून?

तेव्हा वाचकहो, ठाणे-कल्याणकडे कुणाच्या गॅलरीत, गच्चीवर किंवा गावच्या गोठ्यात पद्मिनीचा मागचा डावा दरवाजा पडून असेल, तर जरूर कळवा. रंग कुठलाही चालेल. फक्त आधी मॅग्नेट लावून बघा.