शीतकपाटाची चौकशी

ज्या कपाटाच्या उदरात पारा 4 अंशांच्या आसपास नांदावा, तेथे दूध दुसऱ्याच दिवशी नासू लागले, तेव्हा आमच्या घरात आपोआप स्थापन झालेल्या चौकशी समितीने थर्मोस्टॅटची कळ कमाल आकड्यावर फिरवणे, यंत्राच्या पाठीत धपाटा घालणे आणि शेजाऱ्यांची जबानी घेणे या तजविजी तत्काळ मंजूर केल्या. मात्र दाराच्या रबरात कागदाचा कपटा धरून तो अलगद निसटतो काय हे पाहावे, अथवा मागील जाळीवरची, उष्णता बाहेर पडू न देणारी धूळ झाडावी, ही अस्मादिकांची सूचना तहकूब झाली. (दही मात्र त्या दिवसांत झकास लागे, हे नमूद केलेच पाहिजे.) अखेर कारागीर आला, आमचाच दाढीचा ब्रश मागून त्याने जाळी झाडली आणि पाचशे रुपयांची पावती फाडली. ब्रश अद्याप परत मिळालेला नाही.